यंत्र गुरुजींच्या हाती, प्रश्न मुलांच्या ओठी

राज्याच्या अन्य भागांत जूनच्या मध्यावर शाळांच्या घंटा वाजू लागतात. विदर्भात मात्र उन्हाची काहिली ओसरेपर्यंत थांबावे लागते. तेथील शाळा उघडतात त्या जूनच्या अखेरीस. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही परिसरात नेमका हाच काळ धानाचे पऱ्हे टाकण्याचा असतो. शाळेत येणाऱ्या मुलाच्या पायाला बांधीतला चिखल लागलेला असतो. मोह केव्हा गळतो, तेंदूची पाने कधी तोडायची, तलावाच्या कोणत्या कडेला मासळी मिळते, वाघाचा माग कसा ओळखायचा, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. परंतु वर्गाच्या उंबरठ्यावर पायातल्या चपलांबरोबर हे सारे ज्ञानही तो बाहेर काढून ठेवतो. कारण आत त्याची विचारपूस करणारे कोणी नसते. आत असते ते पुस्तक, आणि आता पुस्तकाच्या जोडीला भिंतीवर लावलेला पडदा.

हा पडदा गेल्या दशकात महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचला. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यावर जिल्हा परिषदांच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची जणू चुरस लागली. ग्रामस्थांनी वर्गणी काढली, शिक्षकांनी पदरमोड केली, कोठे दूरदर्शन संच आला, कोठे प्रोजेक्टर, कोठे टॅब. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच सुरू झाला आणि पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. २०२० च्या टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली, तेव्हा मोबाइल हीच शाळा झाली. सरकारी शाळेवरची समाजाची माया आटलेली नाही, हे त्या लोकवर्गणीने सिद्ध केले. गावकऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या या पुरुषार्थाला उणे लेखण्याचे कारण नाही.

तथापि, एक प्रश्न मागेच राहिला. यंत्र वर्गात आले, पण त्यामुळे मूल बदलले काय? पूर्वी फळ्याकडे तोंड करून गप्प बसणारी मुले आता पडद्याकडे तोंड करून गप्प बसत असतील, तर बदलली ती फक्त भिंत. गुरुजींचे व्याख्यान जाऊन ध्वनिमुद्रित व्याख्यान आले, पाढे म्हणून घेणाऱ्या आवाजाच्या जागी सुरावटीतले पाढे आले. ऐकणारा ऐकतच राहिला. यात गंमत वाढली असेल, शिक्षण वाढलेच असे म्हणता येणार नाही.

या शंकेला आधार आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या योजनेखाली आठ लाखांहून अधिक संगणक शाळांना दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मुलांच्या गणितात आणि भाषेत त्यामुळे फरक पडल्याचा पुरावा नाही. महाराष्ट्रालाही ही योजना अपरिचित नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथील छोट्या शाळेत या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला होता. हिरवे-पांढरे चिमुकले संगणक घेऊन बसलेल्या मुलांची छायाचित्रे तेव्हा खूप गाजली. छायाचित्रात मुलाच्या हातातले यंत्र दिसते, डोक्यातला विचार दिसत नाही, एवढे त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

याच्या नेमकी उलट साक्ष दिल्लीची आहे. २०१५ मध्ये तेथील सरकारी शाळांतील मुलांपैकी काहींना सोडत काढून शाळा सुटल्यावर संगणकावर अभ्यास करण्याची संधी देण्यात आली. ‘माइंडस्पार्क’ नावाची ही प्रणाली आधी मुलाला प्रश्न विचारून त्याची खरी पातळी हुडकी आणि मग त्या पातळीवरूनच पुढे नेई. आठवीत बसलेल्या मुलाचे गणित चौथीचे असेल तर आरंभ चौथीपासून. जोडीला लहान गटात शिकविणारा मदतनीसही होता. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात आणि हिंदीत, संधी न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, स्पष्ट आघाडी घेतली. दोन्हीकडे यंत्रच होते. भेद एवढाच, की एकीकडे ते नुसते वाटले गेले आणि दुसरीकडे ते मुलाला प्रश्न विचारीत होते, त्याच्या उत्तराची वाट पाहत होते, चुकले तर पुन्हा करायला लावीत होते. मूल क्रियाशील झाले तेथे यंत्राला अर्थ आला.

हे तत्त्व परदेशातून शिकण्याची या देशाला गरज नाही. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी प्रवचन सुरू करीत नाहीत. एक वर्ष येथे राहा आणि मग हवे ते विचारा, असे सांगतात. त्या संपूर्ण उपनिषदाची मांडणीच शिष्यांच्या प्रश्नांवर उभी आहे. आधुनिक काळात १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला, त्याचे केंद्र सेवाग्राम, म्हणजे विदर्भच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाने, बिया, खडे, शिंपले यांचेच शैक्षणिक साहित्य केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणताच त्यांनी कुरणावर शाळा नेली. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी स्थापलेल्या विज्ञान आश्रमाने करता करता शिकणे हेच शिक्षणाचे सूत्र मानले. या साऱ्यांच्या हाती मोबाइल नव्हता. असता तर त्यांनी तो मुलांना गप्प बसविण्यासाठी खचितच वापरला नसता.

सिंदेवाही परिसराला तर याचे उदाहरण शोधण्यासाठी शेजारच्या तालुक्यापलीकडे जाण्याचेही कारण नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंत. तुटपुंजी शेती आणि मजुरी हेच जगण्याचे साधन. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. हजारो शेतकऱ्यांच्या नजरेखालून असे वेगळेपण निसटून जाते. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या हंगामात पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अनेक वर्षांच्या या तपातून बारीक दाण्याचे, अधिक उत्पन्न देणारे वाण सिद्ध झाले. त्या काळी मनगटावर मिरवल्या जाणाऱ्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडले आणि ते विदर्भाबाहेर दूरवर पसरले. पुढे १९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले, तेव्हा श्रेय कोणाचे यावरून मोठा वाद झाला. याच विद्यापीठाचे धान संशोधन केंद्र सिंदेवाहीत आहे. ३ जून २०१८ रोजी दादाजींचे निधन झाले, तोवर सन्मान पुष्कळ मिळाले होते, पण विपन्नावस्था सरली नव्हती.

दादाजींच्या या चरित्रात क्रियाशील शिक्षणाचा सारा अभ्यासक्रम सामावलेला आहे. पाहणे, वेगळेपण टिपणे, वेगळे करून तपासणे, पुन्हा करून खात्री करणे. उणीव राहिली ती एकाच गोष्टीची. खेड्यातल्या माणसाच्या निरीक्षणाला वजन यावे अशी तारीखवार नोंद त्याच्या हाती सहसा नसते. म्हणून तो श्रेयाच्या लढाईत दुबळा ठरतो. आज सिंदेवाहीच्या घराघरांत असलेला मोबाइल ही नोंद करू शकतो. छायाचित्र घेतले की तारीख आणि वेळ आपोआप त्याच्यासोबत राहते. मोजमाप ठेवता येते, आवाज साठविता येतो, दहा नोंदी एकत्र करून आलेख काढता येतो. जंगलपट्ट्यातील शाळेसाठी मोबाइलचे खरे मोल या नोंदीत आहे. चित्रफिती दाखविण्यासाठी दूरदर्शन संच पुरेसा होता.

प्रत्यक्षात हे कसे घडेल? समजा, सहावीच्या वर्गाने गावचा मालगुजारी तलाव अभ्यासाला घेतला. पूर्व विदर्भातील हे तलाव शेकडो वर्षांपासून धानाला पाणी देत आले आहेत. गुरुजींसोबत जाऊन दर सोमवारी एकाच जागेवरून पाण्याच्या पातळीचे छायाचित्र घ्यायचे, शाळेच्या आवारात बाटलीपासून केलेल्या पर्जन्यमापकात पडलेला पाऊस मोजायचा आणि दोन्ही आकडे वहीत व मोबाइलमधील तक्त्यात लिहायचे. ऑक्टोबरपर्यंत त्या वर्गाच्या हाती चार महिन्यांची स्वतःची आकडेवारी असेल. सरासरी, टक्केवारी, आलेख हे सारे धडे त्या आकड्यांवर शिकविता येतील. पाऊस थांबल्यावरही पातळी लगेच का उतरली नाही, हा प्रश्न एखादे मूल विचारील आणि भूगोलाचा तास तेथून सुरू होईल.

हीच रीत मोहाच्या आणि पळसाच्या झाडाला लागू पडते. देशभरात ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० पासून चालू आहे. त्यात शाळकरी मुले ठरलेल्या झाडाची पालवी, फुलोरा आणि फळे यांची नियमित नोंद ठेवतात आणि हवामान बदलाच्या अभ्यासाला हातभार लावतात. मोह कधी फुलतो हे सिंदेवाहीच्या मुलाला उपजत ठाऊक असते. त्याच्या त्या ज्ञानाला शास्त्राच्या दरबारात स्थान मिळते ते नोंदीमुळे. भाषेचेही तसेच. झाडीपट्टीची स्वतःची बोली आहे, गोंडी आणि माडिया या भाषा आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे शब्दधन जपण्यासाठी आयुष्य वेचले. आजीच्या तोंडून धानाच्या जुन्या जातींची नावे, दंडारीची गाणी, रोवणीच्या वेळच्या गोष्टी मुलांनी मोबाइलवर मुद्रित केल्या, मग ऐकून वहीत उतरवून काढल्या, तर लेखन, वाचन, श्रवण यांचा त्याहून सरस पाठ कोणता? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. ज्या बोलीत छापील पुस्तके नाहीत, तिच्यात हे ध्वनिमुद्रण हेच पहिले पुस्तक होऊ शकते.

यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र हवे असेही नाही. पाच मुलांत एक मोबाइल असला तर एकजण छायाचित्र घेतो, दुसरा मोजतो, तिसरा लिहितो, चौथा तपासतो, पाचवा वर्गाला सांगतो. वाटून घेण्याची सवय लागते ती वेगळीच. त्यातील बहुतेक कामांना इंटरनेट लागत नाही. ‘दीक्षा’वरील पाठही एकदा उतरवून घेतले की पुढे संपर्काशिवाय चालतात. दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता चालणाऱ्या शाळेत तर याचा विशेष उपयोग आहे. गुरुजी दुसरीला वाचन शिकवीत असताना पाचवीचा गट आपल्या पातळीचे गणित टॅबवर सोडवू शकतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याच्या कल्पकतेमुळे. जगाने गौरव केला तो शिक्षकाचा. पुरस्काराची दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे कोणत्याही यंत्राला सुचले नसते. त्या चौकोनी चिन्हामागे कोणता पाठ ठेवायचा, तो कोणत्या मुलासाठी ठेवायचा, याचा निर्णय शिक्षकाने केला म्हणून ते चिन्ह बोलले.

दुर्दैवाने आज गुरुजींच्या मोबाइलचा बराचसा वेळ मुलांसाठी खर्च होत नाही. पोषण आहाराची माहिती भरा, उपस्थिती नोंदवा, कार्यक्रमाची छायाचित्रे चढवा, संदेश पुढे पाठवा. वरिष्ठ कार्यालयाच्या नोंदी पूर्ण होतात, मुलांच्या नोंदी राहून जातात. अनेक शाळांत वीजबिल थकल्याने पडदा अंधारात पडून असतो. शिक्षकांचे प्रशिक्षण झालेच तर ते यंत्राची कळ कोठे दाबायची याचे होते. यंत्र हाती असताना मुलाला कोणता प्रश्न विचारायचा, याचे होत नाही. लाखोंची उपकरणे खरेदी करणाऱ्यांना या स्वस्त गोष्टीचे महत्त्व उमगलेले नाही.

घराकडेही बोट दाखविले पाहिजे. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा वापर केलेली मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापर केलेली ७६ टक्के. यंत्र मुलांपर्यंत पोहोचले आहे, त्याचा विवेक पोहोचलेला नाही. मुलाला मोबाइलपासून तोडून हा विवेक येणार नाही आणि त्याच्या स्वाधीन करूनही येणार नाही. गुरुजींच्या देखरेखीखाली, ठरलेल्या कामासाठी, काम संपताच खाली ठेवण्याच्या सवयीने तो येईल. मोबाइल हे खेळणे नसून मोजपट्टीसारखे साधन आहे, हे मुलाला जर कोठे अनुभवायला मिळणार असेल तर ते वर्गातच.

परंतु सर्वांत मोठे संकट निराळेच आहे. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा असल्याची सरकारी आकडेवारी पुढे आली. त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले शिकत होती. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले आणि नंदुरबारमधील तोरणमाळ व पुण्यातील पानशेत यांचे दाखले देण्यात आले. विरोधानंतर शाळा बंद करण्याचा हेतू नसल्याचे सांगितले गेले. तरीही खर्चाच्या हिशेबाने विचार करणाऱ्यांच्या मनातून ही कल्पना गेलेली नाही. भिंतीवर पडदा आहे, पाठ ध्वनिमुद्रित आहेत, मग दहा मुलांमागे दोन गुरुजी कशाला, हा युक्तिवाद आज ना उद्या होणारच. वरवर तो आधुनिक वाटेल. त्याचा अर्थ मात्र इतकाच, की शहरातल्या मुलाला शिक्षक आणि यंत्र दोन्ही मिळावे आणि जंगलातल्या मुलाची बोळवण यंत्रावर करावी.

सिंदेवाही तालुक्यात या हिशेबाची किंमत रुपयांत मोजता येणार नाही. १० मे २०२५ रोजी तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन महिला या तालुक्यात वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी प्राणास मुकल्या. गावची शाळा बंद करून मूल चार-पाच किलोमीटरवरील शाळेत धाडायचे, म्हणजे ते कोणत्या वाटेने धाडायचे, याचे उत्तर प्रस्ताव तयार करणाऱ्यांनी आधी दिले पाहिजे. वाहनाची सोय होईपर्यंत पालक मुलाला, आणि त्याआधी मुलीला, घरी ठेवतील. एक शाळा मिटली की शेजारच्या शाळेचा पट वाढेल असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात काही मुलांचे शिक्षणच मिटते.

म्हणून तंत्रज्ञानाचा स्वीकार करताना त्याची जागा ठरविली पाहिजे. यंत्र गुरुजींच्या हाती हवे, गुरुजींच्या जागी नको. शासनाने उपकरणे देण्याआधी शिक्षकाची नेमणूक पूर्ण करावी, शाळेच्या विजेची जबाबदारी घ्यावी आणि माहिती भरण्याच्या कामातून गुरुजींची सुटका करावी. प्रशिक्षण देताना प्रश्न घडविण्याचे प्रशिक्षण द्यावे. सिंदेवाहीचे धान संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र आणि वनविभाग यांनी शाळांशी नाते जोडावे. मुलांच्या नोंदी तपासून त्यांना दाद देणारा एक तज्ज्ञ वर्षातून दोनदा शाळेत आला तरी वर्गाचे चैतन्य बदलेल. समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. घरात पडून असलेला जुना पण चालता मोबाइल शाळेला देणे, निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातला एक दिवस देणे, शहरातील मंडळांनी एखाद्या वनपट्ट्यातील शाळेचे वीजबिल उचलणे, ही कामे कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहत नाहीत. खेड्यातील शाळेला वर्गणी देणारा समाज हे सहज करू शकतो.

तिसरीत शाळा सुटलेल्या एका शेतकऱ्याने डोळे उघडे ठेवले आणि देशाला धानाचे वाण दिले. त्याच मातीतली आजची मुले शाळेत येत आहेत, त्यांच्या घरात मोबाइल आहे आणि त्यांच्या डोळ्यांत तीच धार आहे. त्यांना पडद्यासमोर बसवून ठेवायचे, की बांधीच्या बांधावर नेऊन काय दिसते ते विचारायचे, एवढाच निर्णय बाकी आहे. यंदा रोवणीच्या दिवसांत एखाद्या गुरुजींनी आपला मोबाइल मुलांच्या हाती देऊन, ‘वेगळे काय दिसते ते टिपून आणा,’ एवढे जरी सांगितले, तरी त्या शाळेत शिक्षण सुरू झाले असे समजावे.